पाटावर बसलेला गॉगल

आमच्याकडे यंदा खंडेनवमीला एका गॉगलची पूजा झाली, आणि ती मी केली.

पूजेत काही चुकलं नाही. मंत्र मला येत नाहीत, त्यामुळे ते चुकण्याचा प्रश्न नव्हता. गंध, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं क्रमाने वाहिलं. चुकलं ते एवढंच, की त्याच संध्याकाळी त्या गॉगलला माझ्या मुलीच्या टोपीवर बसून म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या एका हॉलच्या स्टेजवर जायचं होतं. आणि आमच्या घराण्यात खंडेनवमीला पाटावर बसलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुणी उचलत नाही. ब्रह्मदेव मागायला आला तरी नाही. (ब्रह्मदेव एकवेळ समजून घेईल. माझी बहीण घेत नाही.)

मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. तयार झालेले सुटे भाग माझ्यापुढे येतात, मी मोजतो, केसभर फरक दिसला की परत पाठवतो. ही सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. सुनीता लग्न होऊन सांगलीहून म्हैसूरला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणालो होतो, की तुझ्या सगळ्या पोळ्यांचा व्यास सारखा असतो. मी कौतुक केलं होतं. तिने ते अजून कौतुकात धरलेलं नाही.

आमची मुलगी केतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. लहान असताना काहीही मोडलं की ती ते माझ्याकडे घेऊन यायची. बाहुलीचा हात, सायकलची चेन, कंपासपेटीचं झाकण. मग कधीतरी ते बंद झालं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही. मोजायचं सुचलं तेव्हा ती थांबलेली होती. आता मी काही विचारलं की तिचं एकच उत्तर असतं, ‘इरली, पप्पा.’ कन्नडात इरली म्हणजे असू दे. आमच्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा चालतात, पण माझ्या वाट्याला त्यातला हा एकच शब्द उरला होता.

म्हणून गणपतीच्या सुमाराला ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पप्पा, हेल्प पाहिजे,” तेव्हा मी बातम्या अर्ध्यावर बंद केल्या. सुनीता स्वयंपाकघरातून बघायला आली, टीव्हीला काय झालं म्हणून.

“खंडेनवमीच्या संध्याकाळी आमच्या ग्रुपचा कॉस्च्यूम शो आहे. मी स्टीमपंक करणार.”

“हे काय असतं?”

“म्हणजे बघा, वीज, पेट्रोल हे काही आलंच नाही असं समजा. सगळं वाफेवर. विमानसुद्धा! मग लोक कसे दिसले असते? पितळ, चामडं, दातेरी चक्रं, उंच टोपी. आणि गॉगल. गॉगल नसला तर स्टीमपंकच नाही!”

“वाफेवर विमान? अगं, बॉयलरचं वजनच—”

“समजा म्हटलं ना, पप्पा!”

मी समजलो. “बरं. गॉगल कशापासून बचावाला? ठिणग्या, धूर, की वारा?”

“कशापासूनच नाही. टोपीवर बांधायचा असतो.”

“डोळ्यांना नाही लावायचा?”

“अय्यो, डोळ्यांना कोण लावतं! सुम्ने, उगीच, शोसाठी.”

डोळ्यांना न लावायचा गॉगल! आमच्या विभागात असा माल आला असता तर मी तो ट्रकमधून उतरवूही दिला नसता. पण मुलीने बऱ्याच वर्षांनी काहीतरी मागितलं होतं. मी टेप आणायला उठलो.

पुढे आम्ही दोघं फोनवर गॉगल बघत बसलो. काही खिळ्यांचे होते (शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते घातक होते, म्हणजे काम बरोबर उलटं), काहींच्या काचांतून एकाचे दहा दिसत होते, काही नुसतेच सोनेरी. केतकीला एकही पसंत पडेना. शेवटी त्यातल्या त्यात एक मी निवडला, कारण त्याच्या वर्णनात मापं दिलेली होती. तो आला. प्लॅस्टिकचा होता, वर सोनेरी रंग, आणि दोन्ही बाजूंना दातेरी चक्रं चिकटवलेली. मी चक्राला बोट लावलं. फिरेना.

“हे चक्र कुठल्याच चक्राला लागत नाही,” मी म्हणालो.

“चिकटवलेलं आहे, पप्पा.”

“दाते हवेत आहेत.”

“कोण बघतं?”

“मी बघतोय ना!”

तरी मी त्याचा पट्टा तिच्या कपाळाचं माप घेऊन बरोब्बर कापला, टोकं पक्की शिवली. मग आम्ही तो टोपीवर चढवायला गेलो आणि तो चढेना. टोपी डोक्याच्या बाहेरून असते, ही बाब मी हिशेबात घेतलेली नव्हती. सुनीता दारात उभी होती. ती काही बोलली नाही. काही न बोलणं तिला फार छान जमतं.

“इरली, पप्पा,” केतकी म्हणाली. “तसाही तो खेळण्यातला वाटतो. गॉगल असा पाहिजे, की कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलाय असं दिसलं पाहिजे.”

ते ऐकून मला दाजी आठवले.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान; केतकी त्यांना मामा म्हणायची. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. आता दाजी नाहीत, दुकानात दुसऱ्या कुणाचं पंक्चरचं काम चालतं, आणि अक्का वरच्या मजल्यावर राहते. तिथून ती मोहल्ल्यावर लक्ष ठेवते. मोहल्ल्याने तशी मागणी केलेली नाही.

आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. अक्का चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, दूध तापवत होती.

“अक्का, दाजींचा वेल्डिंगचा गॉगल तुझ्याकडेच आहे ना गं?”

तिने वळून बघितलं. “आहे की. कशाला?”

“केतकीला पाहिजे. वेशभूषेला.”

“वेशाला?” अक्काचा आवाज चढला. “जन्मभर माणसाने त्यातनं ठिणग्या बघितल्या, आणि तुम्ही वेशाला न्या! काय रे शिवू, डोकं जाग्यावर आहे काय तुझं?”

मी माघार घेणारच होतो. पण केतकी म्हणाली, “आत्या, मला तो गॉगल आठवतो. मी दुकानात आले की मामा गॅस बंद करायचे आणि गॉगल असा वर सारायचे, कपाळावर. मग चिक्की द्यायचे. मी त्यांच्या डोळ्यांवर तो कधी बघितलाच नाही. कपाळावरच बघितला.”

अक्काने हात पदराला पुसले. मग आत गेली आणि कपाटातून एक मऊ फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. गोल काचा, गर्द हिरव्या, जवळजवळ काळ्याच. भोवती जाड कड्या. कड्यांवर हळदकुंकवाचे जुने डाग होते.

“दर खंडेनवमीला हा पाटावर बसतो,” ती म्हणाली. “यंदाही बसेल. ते जमत असेल तर ने.”

“जमेल की,” मी म्हणालो. “पूजा सकाळी, कार्यक्रम संध्याकाळी. मधे भरपूर वेळ आहे.”

अक्काने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. ती काहीतरी बोलणार होती. नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं.

मग आमच्या घरी जे काही दिवस गेले, ते मला खरोखर सुखाचे गेले. कड्यांवरचा काळा रंग खरवडला तर खाली पितळ निघालं. अक्काने फोनवरून बजावलं, “चिंचेनं घास, कणो, पावडरबिवडर लावू नको!” (कणो म्हणजे आपलं ‘बाबा रे’.) मी चिंचेने घासून घासून कडी आरशासारखी केली. केतकी आली आणि तिने डोक्याला हात लावला.

“अय्यो पप्पा! एवढं चमकवायचं नसतं. आता हा परत नवा दिसतो!”

“नवा दिसणं वाईट आहे?”

“फार वाईट.”

मी आयुष्यभर गंजाशी भांडत आलो आहे, आणि त्या संध्याकाळी मुलीसोबत बसून चकचकीत पितळ मुद्दाम मळवलं. चहाचं पाणी, मीठ, काजळी. मळलेलं पितळ कुठे थांबवायचं हे ती मला शिकवत होती. टोपीला तिने मोराचं पीस लावलेलं होतं, ते काढून टाकलं. कोटाची सोनेरी बटणं काढून साधी काळी लावली. मी विचारलं, “का? छान होती की.”

“सगळं एकदम बोललं तर कुणाचंच ऐकू येत नाही ना, पप्पा. गॉगलला बोलू दे. बाकीच्यांनी गप्प बसायचं.”

(हे आमच्या घरातल्या चर्चांनाही लागू पडेल, असं माझ्या मनात आलं. पण मी गप्प बसलो.)

पट्टा चामड्याचाच हवा होता. माझ्या लग्नातला कमरेचा पट्टा माळ्यावर होता. माझ्या कमरेने त्याची साथ केव्हाच सोडलेली होती, पण चामडं अजून दणकट होतं. या वेळी मी टोपीचाच घेर मोजला, दोनदा मोजला, आणि भोकं पाडली. टोपीला तो अगदी नेमका बसला.

राहिली चक्रं. केतकीने चिकटवायची चक्रं आणून ठेवलेली होती. मी ती परत पाकिटात भरली. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातून दोन पितळी चक्रं काढली आणि उजव्या कडीच्या बाजूला अशी बसवली, की एक फिरवलं की दुसरं फिरेल. मोठ्या चक्राची कड मुद्दाम थोडी बाहेर ठेवली, बोटाने फिरवता यावं म्हणून.

“पप्पा, स्टेजवर कोण फिरवून बघणार आहे?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मला माहीत असेल ना.”

ती हसली. मग तिने चक्र फिरवलं. मग परत फिरवलं. टोपी घालून आरशासमोर उभी राहिली, आणि गॉगल कुणीतरी नुकताच कपाळावरून वर सारल्यासारखा किंचित तिरपा केला. मी तो सरळ करायला हात पुढे केला. तिने माझ्या हातावर चापट मारली. बरोबर तीच होती.

आता खंडेनवमी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणतात. तलवार कुणाच्या वाटणीत गेली ते माहीत नाही. आमच्या पाटावर आता विळी, कात्री, पाना, माझा मापं घ्यायचा कॅलिपर आणि केतकीचा लॅपटॉप असतो. पूजेचा मान पूर्वी दाजींचा, आता माझा. सकाळी आम्ही तिघं अक्काकडे गेलो. दिलेल्या शब्दाप्रमाणे मी गॉगल टोपीवरून सोडवला, पाटावर मधोमध ठेवला, आणि मन लावून पूजा केली. आरती झाली. केतकी अंगावर तिचा लांब कोट चढवून आली, टोपी हातात.

“पप्पा, गॉगल द्या. दुपारी रिहर्सल आहे.”

मी हात पुढे केला.

“हात लावू नको!” अक्का अशी ओरडली, की खालचा पंक्चरवाला दुकानातून बाहेर आला.

“का गं?”

“का गं? पाटावरचं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलतात काय आपल्यात? पन्नाशी उलटली तुझी, अजून सांगायचं काय?”

आणि मला आठवलं. म्हणजे, मला माहीतच होतं. जन्मापासून माहीत होतं. दरवर्षी माझा कॅलिपर त्या पाटावर दिवसभर बसून असतो. पण त्या दिवशी कारखान्याला सुटी असते, कॅलिपर मला लागतच नाही, त्यामुळे तो उचलायचा नसतो हे मला कधी अडलंच नव्हतं. टोपीचा घेर मी दोनदा मोजला होता. हे एकदाही मोजलं नव्हतं!

“पण अक्का, तू तेव्हा म्हणालीस ने म्हणून!”

“ने म्हणाले, पाटावर बसेल असंही म्हणाले. मला वाटलं तुझा कार्यक्रम दसऱ्याला असेल. भरपूर वेळ आहे म्हणालास की तूच!”

सुनीताने पिशवीतून तो प्लॅस्टिकचा सोनेरी गॉगल काढला. तिने तो बरोबर आणलेला होता. (इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझा अंदाज आलेला आहे.) “हा ताणून बघू या का?” आम्ही तो टोपीवर ताणला. मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. टोपीच्या टोकापर्यंत तो आला आणि तिथून सुटला तो सरळ खिरीच्या पातेल्यात! माझी शिवण मात्र उसवली नव्हती. हे मी बोलून दाखवलं. कुणी दाद दिली नाही.

“पाटासकट नेला तर?” मी म्हणालो.

“विळीसकट?” अक्का म्हणाली.

“मग कार्यक्रमच इथे—”

“पप्पा,” केतकी म्हणाली. तिने टोपी काखेत धरली आणि कोटाचं एक बटण सोडलं. “इरली. मी नुसती टोपी घालून जाते. नो प्रॉब्लेम.”

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. ती रुसली असती, माझ्यावर ओरडली असती, तरी चाललं असतं. ती अगदी समजुतीने बोलत होती. आणि मला कळलं, की गेली काही वर्षं ती ‘इरली’ म्हणत होती ती अशीच. एकेकदा मागून बघितलेलं असणार, एकेकदा माझ्याकडून असंच काहीतरी झालेलं असणार, आणि मग मागायचं थांबलं असणार. यंदा तिने पुन्हा एकदा मागून बघितलं होतं. पुढच्या वेळी ती फोनवरच्या कुणालातरी विचारील. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण दुसरं कुठे उभं राहावं ते कळेना.

खाली रस्त्यावर मोहल्ल्यातल्या रिक्षांची पूजा चालली होती. केळीचे खुंट बांधलेले, हेडलाइटवर गंध. चाकाखाली लिंबू ठेवायचं, रिक्षा पुढे घ्यायची, लिंबू फच्च करून फुटायचं, आणि हॉर्न वाजवत रिक्षा मोहल्ल्याला एक फेरी मारून यायची. माझी स्कूटरही तिथेच हार घालून उभी होती. दरवर्षी तिचीही पूजा होते, आणि लगेच फेरीही होते.

लगेच!

“अक्का,” मी वळलो, “वाहनाचं काय?”

“वाहनाचं काय म्हणजे?”

“वाहन पूजेनंतर फिरवतोच की आपण. बसवून ठेवत नाही.”

“वाहन कसं बसवायचं? आजोबा सांगायचे, तलवार देवापुढे बसायची, घोड्याला मात्र कुंकू लावलं की त्याच दिवशी फेरी. घोडं काय दसऱ्यापर्यंत पाटावर बसतंय?”

“मग हा गॉगल वाहन आहे.”

सुनीताने पातेल्यातला गॉगल डावावर तसाच धरून ठेवला.

“शिवू,” अक्का हळू आवाजात म्हणाली, “ऊन लागलं काय रे तुला?”

“केतकी, सांग. हा कोण घालतं?”

केतकीने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. “पायलट, आत्या! वाफेच्या विमानाचा!”

“विमान कुठाय?”

“विमान समजायचं,” मी म्हणालो.

“चाक कुठाय? चाक नाही ते वाहन कसलं?”

मी पाटापाशी बसलो. हात लावायचा नव्हता, म्हणून नुसतं बोट दाखवलं. “ते बघ. उजव्या बाजूला.”

अक्काने चष्मा लावला, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली. (तिला हात लावायची मनाई नाही, मनाई तिचीच आहे.) तिने एका बोटाने मोठं चक्र फिरवलं. छोटं चक्र फिरलं. तिने उलटं फिरवलं. तेही उलटं फिरलं.

“हे कुणी बसवलं?”

“मी.”

“खरंच फिरतंय की रे.”

“फिरतं.”

ती तशीच वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “त्यांनासुद्धा खंडेनवमीला एका जागी बसवत नव्हतं. दुकान बंद, हत्यारं पाटावर. मग दिवसभर या रिक्षात बस, त्या रिक्षात बस, सगळ्यांच्या फेऱ्या मारून यायचे. आणि हा बिचारा इथे एकटा बसायचा.” तिने पदराने चष्मा पुसला. मग तिची पाठ सरळ झाली. अक्काची पाठ सरळ झाली की निकाल येतो.

“आयतु, ठरलं. वाहन म्हणतोस ना? मग चाकाखाली लिंबू फोडायचं. वाहनाबरोबर घरचं मोठं माणूस पाहिजे, म्हणून मी येणार. आणि फेरी झाली की गॉगल परत पाटावर.”

आता लिंबू. रिक्षाचं चाक लिंबावर जातं तेव्हा मागे रिक्षाचं वजन असतं. माझं चक्र नखाएवढं होतं. अक्काने घरातलं सगळ्यात लहान लिंबू शोधून उंबऱ्यावर ठेवलं. मी गॉगल दोन्ही हातांनी धरला, बाहेर काढलेल्या चक्राचे दाते लिंबावर टेकवले आणि दाबलं. लिंबू निसटून जिन्यावरून खाली गेलं. पंक्चरवाल्याने ते परत वर टाकलं.

“जोर लाव की रे!” अक्का.

“चक्र वाकेल, पप्पा!” केतकी.

“जरा मागे होऊन करा,” सुनीता.

तिघींचं एकदम ऐकायला गेलो, आणि लिंबू नीट दिसावं म्हणून आणखी खाली वाकलो. दाबलं. दाते सालीत घुसले, आणि त्या एवढ्याशा लिंबातून निघालेली चिळकांडी सरळ माझ्या दोन्ही डोळ्यांत गेली. लिंबावर कुंकू लावलेलं होतं, तेही बरोबर गेलं.

मी ओरडलो ते मोहल्ल्यात सगळ्यांना ऐकू गेलं. रिक्षावाल्यांनी पूजेचा भाग समजून हॉर्न वाजवले.

“हातात गॉगल धरून डोळ्यांत लिंबू घेणारा माणूस,” अक्का माझ्या तोंडावर पाणी मारत म्हणाली, “आपल्या खानदानात तूच पहिला.”

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. अक्का नव्या इळकल साडीत, हातात पिशवी, पिशवीत गॉगलचं फडकं. माझे डोळे टोमॅटोसारखे झालेले, आणि सारखं पाणी गळत होतं. केतकी स्टेजवर आली. लांब काळा कोट, साधी बटणं, आणि टोपीवर तिरपा, मळक्या पितळेचा गॉगल. कडीवर सकाळचं हळदकुंकू तसंच होतं. तिने ते पुसलं नव्हतं. मी बघितलं, की लोक खरोखर त्या गॉगलकडेच बघत होते. बाकीचं सगळं गप्प होतं.

माइक धरलेल्या मुलाने विचारलं, “धिस इज सो कूल! ऑनलाइन?”

“नाही,” केतकी कन्नडात म्हणाली. “माझ्या मामांचा आहे. ते वेल्डर होते. ते असाच कपाळावर सारायचे. आज याची पूजा झाली आणि ही त्याची फेरी आहे.” मग तिने टोपी काढली, माइक जवळ घेतला आणि चक्र फिरवलं. टिक टिक टिक असा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. “आणि हे चक्र खरं आहे. पप्पांनी केलंय.”

अक्काने माझा हात दाबला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“लिंबू,” मी सुनीताला म्हणालो.

“सकाळचं?” ती म्हणाली.

बक्षीस केतकीला मिळालं नाही. ते पत्र्याचे पंख लावून आलेल्या एका मुलाला मिळालं. ती खाली आली, गॉगल टोपीवरून सोडवून तिने माझ्या हातात दिला, आणि माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, “पप्पा, सगळे बघतायत.” म्हणून मी तो डोळ्यांना लावला. टोपीसाठी दोनदा मोजून पाडलेल्या भोकांत पट्टा अडकवला, तर तो माझ्या डोक्याला अगदी नेमका बसला. (टोपीच्या बाहेरचा घेर आणि माझ्या डोक्याचा घेर एकच आहे, हे त्या दिवशी निष्पन्न झालं.) त्या गर्द काचांतून वेल्डिंगची ज्योत सोडली तर काहीच दिसत नाही. हॉल नाहीसा झाला, माणसं नाहीशी झाली. अंधारात फक्त आवाज येत होते.

“पप्पा,” केतकीचा आवाज म्हणाला, “पुढच्या वर्षी आपण पंख करू या? पण हलणारे. खरोखर हलणारे. कराल?”

“पंख हलत असले तर ते वाहनच,” अक्काचा आवाज म्हणाला. “त्याला हरकत नाही.”

मी मुलीकडे वळलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “नक्की करू या. तू फक्त मागत जा.”

सुनीता म्हणते, वाक्य चांगलं होतं. फक्त ते मी खांबाला म्हणालो.